एका पगाराचे तीन आकडे

आमच्या घरात कमाई एकच होती, पण तिचे आकडे तीन होते. पहिला आकडा राशनकार्डाच्या सर्वेवाल्यासाठी. तो इतका लहान की ऐकणाऱ्यानं स्वतःच्याच खिशात हात घालावा. दुसरा सोयरिकीसाठी. गोंदियाकडून पाहुणे आले की तो मामा सांगायचा, आणि तो ऐकताना आम्हालाच वाटायचं की घर चांगलं दिसतंय, इथं ओळख काढायला हवी. तिसरा खरा. तो फक्त आईला ठाऊक असे, कारण त्यात महिना बसवायचं काम तिचं होतं. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात. आमच्याकडे त्याहून एक जोडी जास्त होती.

याला मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या वॉर्डात कोणी खोटं बोलणं म्हणत नसे. बाबा बालाघाट ते बैहर दुसऱ्याची सवारी जीप चालवत. सवारी भरली तर दिवस पदरात पडायचा, नाही भरली तर मालकाच्या शिव्या. आई घरी ब्लाउज शिवायची. अशा घरात राशनचा तांदूळ हीच काय ती न चुकणारी गोष्ट होती, आणि ती टिकवायची तर आम्ही गरीब असणं पुरेसं नव्हतं, गरीब दिसावंही लागे.

त्यामुळे हातात फाइल आणि गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस गल्लीत शिरला की पहिल्या घरची बाई अंगणात ताट आपटायची. तेवढ्यानं पुढच्या सगळ्या घरांना समजायचं. आमच्या फ्रिजवर जुनी चादर पडायची, मिक्सर खाटेखाली जायचा, आई विटकी साडी गुंडाळून दारात उभी राहायची. त्याला पाणी द्यायचं, पण चहा विचारायचा नाही, कारण चहात साखर लागते. प्रश्न कोणताही असो, उत्तर ठरलेलं होतं. कमावणारा एकच, तोही कधीमधी. बाकी सगळे घरीच.

मी घरी नव्हते. बी.कॉम. झाल्यापासून दोन वर्षं मी गोंदिया रोडवरच्या एका मोटरसायकलच्या शोरूममध्ये बिलिंगला होते. नऊ हजार, पाकिटात, रोख. दसऱ्याच्या आसपास भरवेलीच्या खाणीतल्या लोकांच्या हातात बोनस आला की तिथं पाय ठेवायला जागा नसे. एक गाडी घ्यायला अख्खं कुटुंब यायचं, आणि गाडीला हार घालून फोटो काढेपर्यंत कोणी हलायचं नाही. त्या दिवसांत मी कितीदा तरी भरलेला डबा तसाच घरी परत आणला आहे. गल्लीसाठी मात्र हा सगळा 'कोर्स' होता. शेजारच्या काकूला आईनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की पोरगी कम्प्युटरचा कोर्स करते. दोन वर्षं चाललेला कोर्स पाहून काकूनं एकदा विचारलंसुद्धा, डॉक्टर होऊन राह्यली का म्हणून.

मला याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. सकाळी इस्त्रीचा ड्रेस घालून निघायचं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत विद्यार्थिनीसारखं चालायचं, याचा मला संताप यायचा. पण महिन्याच्या शेवटी तांदळाचं पोतं घरात आलं की संताप गप्प बसायचा. पोट भरलेलं असलं की राग धरायलाही जोर लागतो.

दोन वर्षं भरली तेव्हा नागपूरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. विम्याच्या क्लेमचे कागद तपासायचं काम होतं. बाहेर खुर्च्यांवर नागपूरची पोरं-पोरी बसली होती. एकमेकांना 'एक्स्पेक्टेशन' विचारत होती. पंचवीस, अठ्ठावीस, असे आकडे ती चहाला किती साखर घ्यायची ते सांगावं तशी सांगत होती. त्यांच्यातल्या एका मुलीनं मला विचारलं. मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. खरं म्हणजे मी गाडीत सगळा हिशोब करूनच आले होते. खोलीचं भाडं, मेस, बस, आणि घरी आता देते ते नऊ हजार. सगळं जोडून एकवीस होत होते. त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त मागावा असं मनात आलंच नाही. कशासाठी मागायचा? आमच्याकडे लागेल तेवढं मागतात, आणि मिळेल तेवढ्यात भागवतात.

आतल्या मॅडमनं विचारल्यावर मी एकवीस म्हटलं तेव्हा माझे कान तापले होते. त्यांनी भुवईसुद्धा न उचलता लिहून घेतलं. तेव्हाच समजलं की कमी मागितलं. बाहेरच्या मुलांना त्यांच्या आईबापांनी शिकवलं होतं की तुझी किंमत अमुक आहे. मला माझ्या आईबापांनी शिकवलं होतं की कोणी किंमत विचारली तर शून्य सांग.

आठवड्याभरानं फोन आला, निवड झाली. दोन वर्षांच्या अनुभवावर एकवीस. फक्त एक तपासणी बाकी आहे, त्यांचा माणूस येईल, घरचा पत्ता आणि जुनी नोकरी बघून जाईल. मी शोरूमच्या सेठजींना सांगून ठेवलं. ते खूश झाले, बेटा नाम रोशन करो म्हणाले, कोई भी आए, बोल देंगे. माझ्या जागी त्यांनी लगेच एक नवी मुलगी बसवली, आणि मी तिला काम शिकवायला लागले. घरी मात्र मी आईला एवढंच सांगितलं की नोकरी पक्की झाली. माणूस घरी येणार आहे हे सांगायचं राहून गेलं. मला वाटलं होतं, आधी फोन येईल, मग सांगू.

मग एका संध्याकाळी घरी आले तर आई फार खुशीत होती. फ्रिजवर चादर होती.

"सर्वेवाला आलता," ती म्हणाली. "कार्डवाला. म्या बराबर सांगतलं सब."

मी विचारलं, काय सांगितलं. तिनं सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. माणूस नवीन होता, हिंदीत बोलत होता, हातात मोबाइल होता. त्यानं माझं नाव घेतलं. पोरगी कुठं काम करते, किती वर्षांपासून करते, असं विचारलं. या लोकांना नावंही माहीत असतात आता, आई म्हणाली, सगळं कम्प्युटरमध्ये असते. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं ठासून सांगितलं, की लड़की घर में ही रहती है, कोर्स करती है, कहीं काम नहीं करती, एक पैसा नहीं कमाती. त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोनदा सांगितलं. वर शेजारच्या काकूला साक्षीला बोलावलं, आणि काकूनंही भिंतीवरून सांगितलं, हौ, कोर्सच करते.

मी खाटेवर बसले. आईला वाटलं मला ऊन लागलं, ती पाणी घेऊन आली.

"काहून असी पाहून राह्यली?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तो कार्डवाला नव्हता माय, नागपूरच्या कंपनीचा होता. आई उभीच राहिली. हातातला ग्लास तिनं खाली ठेवला नाही आणि मला दिलाही नाही. थोड्या वेळानं तिनं फ्रिजवरची चादर काढली आणि घडी घालायला लागली. ती घडी तिनं मोडून पुन्हा घातली, मग पुन्हा मोडली.

मला अजून धीर होता. घरी चुकलं तरी शोरूम होतं. नोकरी शोरूमची, तिथं सेठजी सांगतील, आणि आईचं बोलणं गावच्या बाईचा गोंधळ म्हणून सोडून देतील. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या मॅडमचा फोन आला आणि तो धीरही गेला. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, तुमच्या घरी आणि तुमच्या शोरूममध्ये, दोन्ही ठिकाणी सांगितलं की तुम्ही काम करत नाही. मग अनुभव कसा धरायचा? फार तर नवीन म्हणून घेऊ. बारा हजार. शनिवारपर्यंत तपासणीत काही बदललं तर बघू.

बारा हजारांत नागपुरात माझं पोट भरलं असतं, आणि घरी एक पैसा गेला नसता. म्हणजे मी गेले तर घरातले नऊ हजार बंद, आणि न जावं तर माझ्या खुर्चीवर दुसरी बसलेली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली. दोन वर्षं मी रोज सकाळी जिथं जात होते, तिथं मी गेलेच नव्हते असं दोन माणसांनी सांगितलं होतं, आणि दोघंही माझे जवळचे होते.

सेठजींकडे गेले. ते गल्ल्यावर बसले होते. मला बघून त्यांनीच आधी सांगायला सुरुवात केली. म्हणाले, बेटा, क्या बताऊँ, गले में आईकार्ड डालकर आया, पूछने लगा यहाँ कौन-कौन काम करता है, कब से करता है. मैंने समझा पीएफवाला है. कागदावर त्यांच्याकडे चारच माणसं होती. शोरूममध्ये आणि मागच्या वर्कशॉपमध्ये मिळून त्याच्या तिप्पट होती. माझं नाव त्या चारांत नव्हतं. मी म्हटलं, आता तुम्हाला समजलं ना तो कोण होता, मग त्याला फोन करून सांगा. ते हसले, माझ्यासमोर चहाचा कप सरकवला.

"देख बेटा, एक बार ना बोल दिया, अब हाँ बोलूँगा तो वो कहीं लिखेगा," ते म्हणाले. "लिखा हुआ कहाँ-कहाँ जाता है, तू नहीं जानती."

मी जाणत होते. त्यांची बिलं मीच बनवत होते. पण मला तिथं रडायचं नव्हतं. त्यांचा चहा तसाच ठेवून मी बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. दिवाळीला मिठाईचा डबा द्यायचे, बाबा आजारी पडले तेव्हा दोनदा सुट्टी दिली होती. वाईट माणसावर चिडायला सोपं जातं.

घरी त्या संध्याकाळी भांडण झालं. मी आईला म्हटलं, तुला आता त्या माणसाला खरं सांगावं लागेल. मॅडमकडून मी त्याचा नंबर घेतला होता. घरचं कोणी आणि शोरूमचं कोणी, दोघांनी सांगितलं तर तो लिहून पाठवेल. आई म्हणाली, की एकदा ते लिहिलं गेलं आणि तिकडून इकडे आलं, तर?

"कार्ड कटून गेलं त काय खाशीन?" ती म्हणाली. "तुह्या नोकरीचा काय भरवसा, आज आहे, उद्या नाही. तांदूळ त दर महिन्याले येते."

मी चिडले. मी तिला नको ते बोलले. म्हटलं, तुला माझ्यापेक्षा वीस किलो तांदूळ मोठा वाटतो. मशीनवर एक ब्लाउज लावलेला होता, तो आई शिवायला लागली, आणि धागा तुटला तरी पायडल मारत राहिली. बाबा दारात बसून हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, कंपनीचा कागद राशनच्या दुकानात जात नाही. आई म्हणाली, तुम्हाले कसं माहीत? बाबांना माहीत नव्हतं. मलाही खात्रीनं माहीत नव्हतं. कोणता कागद कोणत्या टेबलावर जाऊन बसतो हे आमच्यासारख्यांना सगळ्यात शेवटी समजतं, आणि आईची भीती काही हवेत नव्हती. आमच्याच गल्लीत एकीचा मुलगा होमगार्डमध्ये लागला आणि तिचं कार्ड बंद झालं होतं. कोणी सांगितलं, कसं समजलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून गल्लीत कोणाच्याही नोकरीचे पेढे वाटले जात नव्हते. पास झालं तर पेढे, नोकरी लागली तर चूप.

शनिवारी सकाळी मी शोरूमला जायला निघाले, तर आई तयार होऊन बसली होती. विटकी नाही, विहारात वंदनेला जाताना नेसायची ती पांढरी साडी नेसली होती.

"बोलाव त्याले," ती म्हणाली. "घरी नाही, तुह्या दुकानातच बोलाव. दोघं एकाच वक्ती सांगू."

मी त्या माणसाला फोन केला. तो किरणापूरकडे दुसऱ्या कोणाच्या तरी घरी गेला होता, येताना येतो म्हणाला. आम्ही दोघी शोरूमच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आईनं दोन वर्षांत ती जागा आज पहिल्यांदा बघितली होती. काचेतून आत बघत होती. मी कुठं बसते, तिनं विचारलं. मी बोटानं दाखवलं. तिथं आता नवी मुलगी बसली होती. आई त्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिली.

तो आला. माझ्याच वयाचा, बुटांवर धूळ, हेल्मेट काढल्यावर केस चिकटलेले. बोलता बोलता समजलं की जबलपूरहून इंजिनियरिंग केलंय, आणि एका घरामागे त्याला ठरलेले पैसे मिळतात, पेट्रोल स्वतःचं. तो घाईत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यालाही घरी कोणीतरी पॅकेज विचारत असणारच.

आम्ही आत गेलो. भरवेलीचं एक कुटुंब गाडी घ्यायला आलेलं होतं. नवरा, बायको, आजी, लहान मुलगी. गाडीला हार घातला होता आणि किल्लीची वाट बघत सगळे उभे होते. सेठजी त्यांच्याशी बोलत होते. आम्हाला तिघांना एकत्र बघून त्यांचं हसू जरा आखडलं. तरी त्यांनी हात जोडले, आईला खुर्ची दिली. त्या मुलानं मोबाइल काढला आणि सरळ विचारलं, ये लड़की आपके यहाँ काम करती थी?

"आती थी," सेठजी म्हणाले. "सीखने के लिए. अच्छी लड़की है."

त्या मुलानं माझ्याकडे बघितलं. मी सेठजींकडे बघितलं. ते भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होते. सीखने के लिए. म्हणजे तेच, कोर्स. आईनं गल्लीत सांगितलेली गोष्ट त्यांनी न ऐकताच उचलली होती. मला वाटलं, संपलं. आता हा मुलगा मोबाइल खिशात घालील आणि जाईल.

आई उठली. ती आधी त्या मुलाकडे वळली आणि तिच्या हिंदीत बोलायला लागली. आमच्या घरी जेवढी हिंदी आहे तेवढीच.

"भैया, उस दिन मैं झूठ बोली," ती म्हणाली. "मेरे को लगा तुम राशनकार्डवाले हो. ये मेरी लड़की दो साल से इधर काम करती. सुबह जाती, शाम को आती. नौ हजार लाती. वो लिखो."

मग ती सेठजींकडे वळली. आवाज चढवला नाही. घरी दूधवाल्याशी बोलते तशीच बोलली.

"सेठजी, मैं तो चावल के लिए झूठ बोली. आप काहे के लिए बोले?"

मागं वर्कशॉपमध्ये हवेचं मशीन चालू होतं, त्याचाच आवाज येत होता. वर्कशॉपच्या दारात दोन मिस्त्री येऊन उभे राहिले होते. बिलिंगच्या खुर्चीवरच्या नव्या मुलीनं टाइप करणं थांबवलं होतं. भरवेलीच्या त्या कुटुंबातली आजी आईकडे बघत होती, मग सेठजींकडे बघायला लागली, आणि मग सगळेच सेठजींकडे बघायला लागले. मला आईचा हात धरून तिला बाहेर न्यावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी ती जागची हलू नये असंही वाटत होतं. आयुष्यात इतकी भीती आणि इतका अभिमान मला एकाच वेळी कधी वाटला नाही.

सेठजींनी त्या कुटुंबाकडे एकदा बघितलं. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"लिख लो," ते म्हणाले. "दो साल. बिलिंग में. नौ हजार." मग हळूच म्हणाले, "जबानी लिखना, साइन मैं नहीं करूँगा."

तोंडी चालतं, त्या मुलानं सांगितलं, आणि उभ्या उभ्याच भरून टाकलं. सेठजींनी आईला चहा घ्या म्हटलं. आईनं नको म्हटलं, ब्लाउज द्यायचे आहेत म्हणाली. बाहेर पडताना नवी मुलगी माझ्या मागोमाग पायऱ्यांपर्यंत आली. तिनं मला विचारलं, दीदी, त्या चारांत माझं नाव असेल का? मी म्हटलं, नसेल. ती परत आत गेली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

घरी येताना मी माझ्या त्या तांदळाच्या बोलण्याची माफी मागायचा प्रयत्न केला. तिनं ऐकलं न ऐकलं केलं. गल्लीच्या तोंडाशी काकू भेटली, कुठं गेलती म्हणाली. आईनं सांगितलं, कोर्सच्या जागी. म्हणजे शोरूममध्ये बोललेलं खरं तिनं शोरूममध्येच ठेवलं होतं, आणि ते मला पटलंही. एका दिवसात किती खरं बोलायचं माणसानं.

सोमवारी मॅडमचा फोन आला. एकवीस.

नागपुरात मी चौघींच्या खोलीत राहते. ऑफिसात माझ्या शेजारी जी बसते ती मुलाखतीच्या दिवशी अठ्ठावीस मागून बसलेली तीच, आणि तिला सव्वीस मिळाले. काम दोघींचं एकच. हे मला पहिल्याच महिन्यात समजलं, आणि मी ते घरी सांगितलं नाही. आमच्या घरात आणखी एक आकडा नको होता. पगार झाला की मी नऊ हजार घरी पाठवते, पहिल्यासारखेच. आई फोनवर आधी जेवली का विचारते, मग तिकडचं पाणी कसं आहे विचारते. कार्डाचं ती काढत नाही, मीही काढत नाही. पण महिन्याचा राशनचा दिवस आला की मी सकाळपासून फोनकडे बघत असते.

मागच्या महिन्यात त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी जिन्यात जाऊन उचलला. ती नुकतीच दुकानातून आली होती, दम लागला होता. तिनं सांगितलं, की रांगेत काकू मागंच उभी होती, आणि दुकानवाल्यानं सगळ्यांसमोर विचारलं, आजकल लड़की नहीं दिखती, कहाँ है. मी तिला मध्येच थांबवलं. मी इतक्या घाईत बोलले की जिन्यातून जाणाऱ्या मुलानं वळून बघितलं. म्हटलं, माय, तू कोर्स सांगितलं ना? नागपूरला कोर्स करते, असंच सांगायचं, कोणी काही विचारलं तरी.

हे मी बोलले. ज्या दोन वर्षांसाठी मी तिच्याशी भांडले होते, ती मीच पुन्हा पुसायला निघाले होते.

"नाही सांगतलं," ती म्हणाली. "नोकरीवर आहे सांगतलं. पगार बी सांगतला, पुरा."

मी विचारलं, काहून?

"त्यानं विचारलं म्हून," ती म्हणाली. "दोन साल चोरीच्या मालावानी लपवलं तुले. आता नाही होत माह्याच्यानं."

मग दुकानवाला काय म्हणाला, मी विचारलं. काही नाही म्हणाला, तिनं सांगितलं, अंगठा लावून घेतला आणि तांदूळ दिला. पुढच्या महिन्यात मशीन अंगठा घेईल की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. तिनं विचारलं, जेवली का. मी म्हटलं, आता जेवते.